मंडईतल्या आजीची शिकवणी

पुण्याच्या मंडईत सकाळी सातच्या सुमाराला कधी गेला आहात का? नसाल, तर एकदा आईबरोबर किंवा बाबांबरोबर जा, आणि पिशवी तुम्ही धरा. ओल्या गोणपाटाचा वास, कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारे हात, "पाय सांभाळा, पाय!" असं ओरडत डोक्यावर ओझं घेऊन निघालेले हमाल, आणि पहिल्या गिऱ्हाइकाकडून मिळालेली नोट कपाळाला लावून नमस्कार करणाऱ्या आज्या. या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. भवानीच्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नसतं, बरं का!

मधोमध उभी आहे ती उंच मनोऱ्याची अष्टकोनी इमारत. इंग्रजांच्या काळात, १८८० ते १८९० या दशकात बांधलेली. तेव्हा तिला मुंबई इलाख्याच्या गव्हर्नराच्या नावावरून रे मार्केट म्हणत. आता ती महात्मा फुले मंडई. यात एक गंमत आहे. जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद होते. बाजारासाठी एवढी मोठी इमारत बांधायचं ठरलं तेव्हा त्यांनी विरोध केला होता. एवढा पैसा मुलांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कोणी ऐकलं नाही, इमारत उभी राहिली. आणि पुढे पुणेकरांनी त्याच इमारतीला जोतीरावांचं नाव दिलं!

मंडईच्या कट्ट्यावर बसून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलणाऱ्यांना पुण्यात गमतीनं 'मंडई विद्यापीठाचे पदवीधर' म्हणतात. मीही त्याच विद्यापीठाची विद्यार्थिनी. डी.एड. मी रीतसर कॉलेजात जाऊन झाले, बालमानसशास्त्राच्या पेपरात मार्कही चांगले होते. पण एक धडा तिथे शिकायचा राहून गेला होता. तो मला मंडईतल्या एका भाजीवाल्या आजीनं शिकवला.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. माझ्याकडे चौथीचा वर्ग होता. शाळा मंडईपासून चालत दहा मिनिटांवर. नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. वर्गात एक मुलगा होता. त्याचंही नाव सांगत नाही. मुलं त्याला 'कोथिंबीर' म्हणायची, कारण त्याच्या कपड्यांना तसा वास यायचा. तो रोज उशिरा यायचा, आणि दुसऱ्या तासाला डोकं बाकावर टेकवून झोपायचा. मी काय करायची? उशीर झाला की बाहेर उभं करायची. झोपला की सगळ्यांसमोर उठवून पाढे म्हणायला लावायची. मुलं हसायची. खरं सांगायचं तर मलाही थोडं हसू यायचं.

(२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ सांगतं की शाळेत मुलाला मारायचं नाही आणि त्याच्या मनाला त्रास होईल असंही वागायचं नाही. मला हे कलम पाठ होतं! 'मारायचं नाही' एवढं मी पाळत होते आणि स्वतःला चांगली शिक्षिका समजत होते.)

एक दिवस तो पाऊण तास उशिरा आला. दप्तर उघडलं तर वहीच्या पानांत मेथीची पानं. सगळा वर्ग खो खो हसला. माझा तोल गेला. मी म्हणाले, "शाळेत कशाला येतोस? मंडईतच बस जा!"

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी हजेरीपटावर गैरहजर लिहीत गेले. शनिवारी म्हटलं, आजारी असेल. पुढच्या आठवड्यातही आला नाही. त्या गुरुवारी शाळा सुटल्यावर मी भाजी घ्यायला मंडईत गेले. नेहमीच्या रांगेत बटाटे महाग वाटले म्हणून दोन गाळे पुढे सरकले. आणि समोर तो! पोत्यावर बसून मेथी निवडत होता. मला बघितलं आणि पटकन कांद्याच्या गोणीमागे लपला.

मित्रमैत्रिणींनो, दहा वर्षांचं एक मूल आपल्याला बघून गोणीमागे लपतं, तेव्हा शिक्षकाला काय वाटतं, हे मला लिहून सांगता येणार नाही.

गाळ्यावर त्याची आजी होती. मला वाटलं, आता ही चार लोकांत मला बोलणार. मंडईतल्या बायकांचं बोलणं तुम्हाला माहीत आहेच! पण तिनं शेजारचं रिकामं पोतं झटकलं आणि म्हणाली, "बसा बाई. पाणी घ्या." मग तागडी खाली ठेवून हळूच म्हणाली, "त्यो म्हनतो, बाईंनीच सांगितलंय मंडईत बस म्हनून. मी म्हनलं, बाई असं कशाला सांगत्याल? तुझंच ऐकन्यात चुकलं असंल."

मी काय उत्तर देणार? मी म्हणाले, "नाही आजी, त्याचं बरोबर आहे. मीच म्हणाले होते."

मग मला सगळं कळलं. त्याचे बाबा टेंपो चालवायचे. पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून माल उचलायचा आणि मंडईत आणायचा. माल भरताना टेंपोवर लक्ष ठेवायला कोणीतरी लागतं. आजीचे गुडघे दुखतात, आई सकाळीच धुण्याभांड्याच्या कामाला जाते. म्हणून हा साडेचारला उठायचा. यार्डातून आला की आजीबरोबर जुड्या लावायच्या, पाणी मारायचं, आणि मग धावत शाळेत. चार महिने तो माझ्या वर्गात होता, आणि यातलं मला काहीही ठाऊक नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारायची ते, "उशीर का?" तेही दरडावून. या प्रश्नाला कुठलं मूल खरं उत्तर देतं?

आम्ही बोलत होतो तेवढ्यात पाच-सहा गिऱ्हाइकं आली. आजी कोणालाही आधी भाव सांगत नव्हती. "काय काका, डोळ्याचं आपरेशन झालं का?" "ताई, पोरगी आली का सासरहून? मग गवार घ्या, कवळी हाय." एका आजोबांनी बटाटे मागितले तर तिनं दिलेच नाहीत. म्हणाली, "तुमाला साखर हाय न्हवं? कारली घ्या!" आजोबा कुरकुरले आणि कारली घेऊन गेले.

मी म्हणाले, "आजी, सगळ्यांचं सगळं लक्षात राहतं तुमच्या?"

ती म्हणाली, "भाजी काय बाई, कुनाकडं बी मिळती. आपल्याला कुनी इचारतं म्हनून मानूस येतो. आधी बरं हाय का इचारायचं, भाव मागून."

तिनं हे मला शिकवायला सांगितलं नव्हतं, ती तिच्या धंद्याचं सांगत होती. पण मी घरी जाताना दोन किलो बटाट्यांबरोबर तेही घेऊन गेले.

तो सोमवारी आला. मी वर्गाच्या दाराशी उभी होते. म्हणाले, "आलास? बरं झालं. तुझी वाट बघत होते." त्यानं काही उत्तर दिलं नाही, मान खाली घालून आत गेला. मग मी वर्गासमोर सांगितलं की मी त्याला जे बोलले ते चुकीचं होतं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. वर्गात एकदम शांतता! बाई माफी मागतात, हे मुलांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं घाबरून विचारलं, "बाई, तुम्ही शाळा सोडून चालल्या आहात का?"

त्या दिवसापासून मी हजेरी घ्यायची पद्धत बदलली. नाव घेतलं की नुसतं 'हजर' म्हणायचं नाही. सकाळी काय खाल्लं आणि कसं वाटतंय, ते सांगायचं. पहिल्या दिवशीची हजेरी अशी झाली : "पोहे, छान." "पोहे, छान." "पोहे, छान." "चहा-बिस्कीट, आणि दादानं मारलं." "पोहे, छान." मला वाटलं, हे काही खरं नाही. पण चार-पाच दिवसांनी पोह्यांचा पाऊस थांबला आणि खरं यायला लागलं. कोणाची मांजर हरवली होती. कोणाचे आई-बाबा रात्री भांडले होते. आणि तीन मुलं 'काहीच नाही' म्हणाली. काहीच न खाता ती साडेसातला शाळेत येत होती! आणि मी त्यांना सकाळी सकाळी भागाकार शिकवत होते.

खिचडी मधल्या सुट्टीत मिळायची, तिची वेळ बदलणं माझ्या हातात नव्हतं. मग आम्ही वर्गात एक डबा ठेवला. त्यात शेंगदाणे, फुटाणे आणि गूळ. ज्याला भूक असेल त्यानं न विचारता घ्यायचं. ज्याच्या घरून जमेल त्यानं भरायचा. पहिल्या आठवड्यात डबा दोन दिवसांत रिकामा, कारण भूक नसलेल्यांनीच तो फस्त केला! मग हळूहळू त्यांची हौस फिटली.

पुढे मी वाचलं की सातासमुद्रापलीकडेही कोणाला तरी हेच सुचलं होतं. लंडनमध्ये मार्जोरी बॉक्सॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई शाळांमध्ये काम करायच्या. १९६९ च्या सुमाराची ही गोष्ट. काही लहान मुलं वर्गात बसायचीच नाहीत. मारामारी करायची, रडायची, कोपऱ्यात दडायची. शाळा म्हणायच्या, ही मुलं बिघडलेली आहेत. बॉक्सॉलबाई म्हणाल्या, ती बिघडलेली नाहीत, त्यांचं काहीतरी मिळायचं राहून गेलंय. त्यांनी अशा दहा-बारा मुलांचे छोटे वर्ग सुरू केले. वर्ग कसला, घरच! बसायला कोच, एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, मुलांबरोबर दोन मोठी माणसं. आणि रोज सगळ्यांनी मिळून टेबलाशी बसून नाश्ता करायचा. एकमेकांना पाव द्यायचा, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, आपल्याशी कोणीतरी शांतपणे बोलतंय हे अनुभवायचं. त्या वर्गांना तिकडे नर्चर ग्रुप म्हणतात. आपण जिव्हाळ्याचे वर्ग म्हणू.

पण एवढ्या लांब कशाला जायचं? मंडईतून बाहेर पडा, दगडूशेठ गणपतीकडे चाला. तिथे समोर भिडेवाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, ती या वाड्यात. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे स्मारक उभारायचं ठरलं आहे. सावित्रीबाई शाळेत जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकायचे, म्हणून त्या जास्तीचं लुगडं बरोबर न्यायच्या, ही गोष्ट तुम्ही तिसरी-चौथीत ऐकलेली असते. मला त्यांच्या शाळेतल्या एका मुलीची गोष्ट जास्त आवडते. तिचं नाव मुक्ता साळवे. मातंग समाजातली, वयानं तुमच्याएवढीच. १८५५ साली तिनं लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. विषय काय होता? 'माझी आवडती गाय' नव्हे! मांग आणि महार लोकांना काय दुःख भोगावं लागतं, हा विषय. आपल्याच लोकांचं दुःख तिनं इतकं स्पष्ट लिहिलं की आजही मोठी माणसं तो निबंध अभ्यासतात. मी विचार करते, अशी मुलगी हे कधी लिहील? शाळेत तिचं कोणीतरी मन लावून ऐकलं असेल तेव्हाच ना? माझ्या वर्गात मुक्ता असती, तर मी तिला वेळेवर आली नाही म्हणून बाहेर उभी केली असती का?

साने गुरुजींचं नाव तर तुम्हाला माहीतच आहे. १९२४ साली ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या खोल्या ते झाडायचे, अंथरुणं आवरायचे, आजारी मुलाच्या उशाशी बसायचे. रागावून 'खोली साफ करा' म्हणण्यापेक्षा गुपचूप स्वतः झाडून ठेवायची त्यांची रीत होती. मुलं लाजून झाडू हातात घ्यायची. शिवाय ते मुलांसाठी हातानं लिहून 'छात्रालय दैनिक' काढायचे. रोज! आम्हाला वर्षातून एक हस्तलिखित काढायचं म्हणजे घाम फुटतो.

आणि डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आणखी पुढची उडी मारली. तिथली आदिवासी मुलं गुरं राखायला जायची, त्यामुळे शाळेत यायची नाहीत. या दोघींनी मुलांना गैरहजर लिहिलं नाही. गुरं जिथे चरतात तिथे, कुरणातच शाळा नेली. तिचं नावच कुरणशाळा. हे वाचल्यावर मला मेथी निवडणारा माझा विद्यार्थी आठवला.

त्याचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलंच! पहाटेचं उठणं काही थांबलं नाही. टेंपोवर दुसरा माणूस ठेवणं घरच्यांना परवडणारं नव्हतं. मग मी त्याला पहिल्या तासाला वर्गाच्या मागे सतरंजीवर वीस मिनिटं झोपू द्यायला लागले. मुख्याध्यापकांनी पाहिलं आणि म्हणाले, "बाई, ही शाळा आहे की धर्मशाळा?" मी म्हटलं, "सर, वीस मिनिटं झोपतो आणि चार तास जागा राहतो." त्यांना पटलं नाही. पण त्यांनी बंदही केलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

एकदा दशांश अपूर्णांक शिकवताना वर्ग अगदी ढिम्म. ०.७५ म्हणजे काय, कोणाला सांगता येईना. हा मागून म्हणाला, "पाऊण किलो." मी विचारलं, "साठ रुपये किलोनं पाऊण किलो भेंडी?" "पंचेचाळीस." "चाळीस रुपयांनी सव्वा किलो?" "पन्नास." माझं गणित होईपर्यंत याचं उत्तर तयार! दुसऱ्या दिवशी मी आजीकडून जुनी तागडी आणि वजनं मागून आणली. त्यानं वर्गात गाळा मांडला, खडू आणि खोडरबर विकले. दशांश अपूर्णांक त्या वर्षी मी शिकवले नाहीत, त्यानं शिकवले. त्यानंतर त्याला कोथिंबीर म्हणणं बरंच कमी झालं. अगदी बंद झालं असं नाही. एक मुलगा शेवटपर्यंत म्हणायचा.

या 'म्हणण्या'बद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. शिक्षकांचं चुकतं ते मी वर सांगितलंच. पण वर्गात पाच तास तुम्ही शेजारी शेजारी बसता, आम्ही समोर उभे असतो. कोण डबा लपवून खातं, कोण मधल्या सुट्टीत एकटं जिन्यात बसतं, कोण अलीकडे बोलेनासं झालंय, हे आमच्या आधी तुम्हाला दिसतं. अमेरिकेतल्या हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर एमी वर्नर नावाच्या संशोधक बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा चाळीस वर्षं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आजारपणं अशा खूप अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं चांगली, धडधाकट मनाची माणसं झाली. ती कशी, हे शोधलं तर त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी माणूस त्यांना धरून राहिलेलं होतं. कोणाची आजी, कोणाची शेजारीण, आणि पुष्कळदा शाळेतले एखादे सर किंवा बाई. एकच माणूस! तुम्हाला असं कोणी नसेल, किंवा घरात-शाळेत कोणी असं वागत असेल की सांगायचीच भीती वाटते, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा. तो मुलांसाठीच आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आमची 'पोहे-हजेरी' अजून चालू आहे. २०२० साली शाळा बंद होत्या, तेव्हा मी ती फोनवर घ्यायची. आता माझ्याकडे तिसरीचा वर्ग आहे. एक मुलगी जूनपासून रोज फक्त 'छान' म्हणते, दुसरं काही नाही. मी वाट बघते आहे.

परवा रविवारी मंडईत गेले होते. सप्टेंबर २०२४ पासून खाली भुयारी मेट्रो धावते, मंडईलाच स्टेशन आहे, त्यामुळे जाणं सोपं झालंय. आजी आता गाळ्यावर रोज येत नाही, गुडघे अगदीच गेले. गाळ्यावर एक उंच मुलगा होता, ओठांवर नुकती मिसरूड फुटलेली. अकरावी कॉमर्सला आहे, रविवारी बसतो म्हणाला. मी कोथिंबिरीची जुडी उचलली आणि भाव विचारला.

त्यानं भाव सांगितला नाही. आधी म्हणाला, "बाई, बरं आहे ना?"

मग जुडीचे वीस रुपये मात्र पुरे घेतले.